शीड कोणी विणलं तेही लिहा की

व्हायकिंग (हजारेक वर्षांपूर्वीचे उत्तर युरोपातले दर्यावर्दी लोक) बायकांच्या थडग्यांबद्दल काहीही वाचायला घ्या, सापडलेल्या वस्तूंची यादी ठरलेली असते. आधी दागिने, मग खांद्याजवळ लावायचे ते कासवाच्या पाठीसारखे दोन फुगीर ब्रोच, मण्यांच्या माळा, कधी किल्ली, आणि सगळ्यात शेवटी "कताई-विणाईची साधने व इतर घरगुती वस्तू". बस, एवढंच. तलवार सापडली तर तिच्या पात्याची लांबी, मुठीवरची नक्षी, ती कुठून आली असेल सगळं लिहितात, आणि इथे आठ-दहा साधनं एका वाक्यात गुंडाळून टाकतात. मला त्या "घरगुती" शब्दाचा मनापासून राग येतो. हा फक्त शब्दांचा वाद नाहीये, त्या एका शब्दामुळे अख्ख्या व्हायकिंग काळाची गोष्ट अर्धी सांगितली जाते असं माझं स्पष्ट मत आहे, आणि का ते जरा सविस्तर लिहिते.

आधी ही साधनं काय असतात ते बघू. टकळी आठवते ना? माझ्या आजीच्या शाळेत सूतकताईचा तास असायचा, तिची टकळी आमच्याकडे बरीच वर्षं होती, एक काडी आणि खाली जड चकती. नॉर्स, म्हणजे याच व्हायकिंग काळातल्या उत्तरेकडच्या बायकांची टकळी तत्त्वाने तीच, फक्त त्यावर कापसाऐवजी लोकर नाहीतर जवसाच्या झाडाचा धागा, म्हणजे लिनन. लाकडाची काडी कुजून जाते आणि चकती मागे राहते, भाजलेल्या मातीची, दगडाची, संगजिऱ्याची, शिशाची, क्वचित अंबरची (म्हणजे झाडाच्या दगड झालेल्या पिवळसर डिंकाची). त्या चकतीचं वजन फार बोलकं असतं. चकती हलकी असेल तर सूत बारीक निघतं आणि जड असेल तर जाड, म्हणजे नुसता तराजू घेतला तरी ती बाई अंगावरचं तलम कापड करत होती की जाडंभरडं काही, याचा अंदाज येतो.

मग लोकर विंचरायच्या फण्या, लांब लांब लोखंडी दातांच्या, ज्या थडग्यात गंजलेल्या खिळ्यांच्या जुडग्यासारख्या दिसतात. मेंढ्यांची लोकर कापायची कातर, सुया ठेवायची छोटी नळी, आणि मागाची वजनं. त्यांचा माग आपल्यासारखा आडवा नव्हता, उभा होता, भिंतीला टेकवून ठेवलेला. वरच्या दांडीला ताण्याचे धागे बांधायचे, खालच्या टोकांना मातीची किंवा दगडाची वजनं लटकवायची म्हणजे ताण राहतो, आणि मग उभं राहून, मागापुढे इकडून तिकडे चालत विणायचं, बाणा (आडवा धागा) वरच्या दिशेने ठोकत. बाणा ठोकायला जी पट्टी लागते ती हुबेहूब तलवारीच्या आकाराची असते. ती लोखंडाची असते किंवा देवमाशाच्या हाडाची. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर लोखंडी पट्ट्या सापडतात त्या भरलेल्या, श्रीमंत थडग्यांमधून. त्या काळात लोखंड स्वस्त नव्हतं. जे लोखंड शस्त्राला लागतं तेच कोणीतरी विणकामाला दिलं आणि वर ते बाईबरोबर कायमचं मातीत पुरलं, वारसांसाठी मागे ठेवलं नाही. घरात पडून असलेली किरकोळ वस्तू कोणी अशी पुरतं का?

आता मुख्य मुद्दा, शीड.

व्हायकिंग म्हटलं की डोळ्यासमोर जहाज येतं, आणि जहाज म्हटलं की ते मोठं चौकोनी शीड. पण स्कँडिनेव्हियात, म्हणजे नॉर्वे-स्वीडन-डेन्मार्कच्या पट्ट्यात, शीड बरंच उशिरा आलं. डेन्मार्कच्या दलदलीत सापडलेलं चौथ्या शतकातलं निदामचं जहाज वल्ह्यांचं आहे, शिडाचं नाही. साधारण आठव्या शतकाच्या आसपास शिडं दिसायला लागतात, गॉटलंड बेटावरच्या चित्रशिळांवर चौकटीचौकटीची शिडं कोरलेली आहेत, आणि 793 मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर लिंडिसफार्नचा मठ लुटला गेला तिथून सगळेच व्हायकिंग काळ मोजायला सुरुवात करतात. हा योगायोग नाहीये. वल्ही मारत उत्तर समुद्र ओलांडून परत यायचं आणि पुढे आइसलँड, ग्रीनलँड गाठायचं हे शिडाशिवाय जमणारं काम नव्हतं. आणि उत्तरेतली शिडं लोकरीची असायची. नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या होड्यांना अगदी एकोणिसाव्या शतकापर्यंत लोकरीची शिडं होती, आणि उत्तर नॉर्वेत त्रोनदेनेसच्या चर्चच्या छपरात मध्ययुगातल्या लोकरीच्या शिडाचा तुकडाच सापडलाय. तिकडच्या जुन्या जातीच्या मेंढ्यांना दोन थरांचे केस असतात, बाहेरचे लांब, राठ, तेलकट आणि आतले मऊ. शिडासाठी ते लांब केस वेगळे काढून, घट्ट पीळ देऊन, विणून, वर चरबी चोपडून वारा आरपार जाणार नाही असं कापड करायचं.

कोपनहेगनच्या वस्त्रसंशोधन केंद्रात जुन्या पद्धतीच्या टकळ्या वापरून बरेच प्रयोग झाले, त्यात सराईत हातानेही तासाला साधारण 30 ते 50 मीटर सूत निघतं असं दिसलं. आता डेन्मार्कच्या रॉस्किल्डजवळ समुद्राच्या तळातून 1962 मध्ये जी पाच जहाजं काढली त्यातलं सगळ्यात मोठं युद्धजहाज घ्या, जे मुळात 1042 च्या सुमाराला डब्लिनजवळ बांधलेलं होतं आणि ज्याची प्रतिकृती 2007 मध्ये रॉस्किल्डहून समुद्रमार्गे डब्लिनला गेली. त्या प्रतिकृतीचं शीड 112 चौरस मीटरचं आहे. मी साधा हिशोब मांडला. समजा सेंटिमीटरला 10 धागे ताण्यात आणि 10 बाण्यात. एका चौरस मीटरला 1000 मीटर ताणा, 1000 मीटर बाणा, म्हणजे 2 किलोमीटर सूत. 112 चौरस मीटरला 224 किलोमीटर. पुणे ते कोल्हापूर जवळजवळ तेवढंच भरतं. तासाला 50 मीटरने धरलं तरी 4480 तास, म्हणजे रोज 8 तास फक्त कातत बसलं तर 560 दिवस. बरं, शिडाचा बाणा जरा विरळ असेल, थोडं कमी धरा. पण यात लोकर कापणं नाही, धुणं-निवडणं-विंचरणं नाही, ताणा लावणं नाही, विणणं नाही, शिवणं नाही आणि चरबी चोपडणं नाही, आणि रोज 8 तास कोण मोकळं होतं, गाई होत्या, पोरं होती, चूल होती. शिवाय हे एका जहाजाचं एक शीड. जहाजावरच्या साठ-सत्तर माणसांचे कपडे, थंडीचे जाड अंगरखे, पांघरुणं, तंबू हे सगळं वेगळं, आणि खारं पाणी, वारा, ऊन खाऊन शीड कायम टिकत नाही, काही वर्षांनी परत सगळं पहिल्यापासून.

जहाजाची लाकडी बांधणी करणाऱ्या सुतारांचं कौतुक प्रत्येक पुस्तकात असतं, ते असायलाच हवं, पण शिडाशिवाय ते जहाज किती लांब जाणार होतं? म्हणून थडग्यातली ती चकती मला जहाजबांधणीचं अवजार वाटते, कुऱ्हाडीइतकंच. तिच्यावर "घरगुती" अशी चिठ्ठी लावणं मला चूक वाटतं, सरळ सरळ माहितीची चूक.

ओसेबर्गचं दफन याचं सगळ्यात मोठं उदाहरण आहे. नॉर्वेत टोन्सबर्गजवळ एका टेकाडाखाली 1904 मध्ये गॅब्रिएल गुस्ताफसन यांनी खणलं, साडेएकवीस मीटर लांबीचं जहाज, 834 मध्ये पुरलेलं (लाकडाच्या वर्तुळांवरून वर्ष नक्की झालंय), आणि त्यात दोन बायका. एक सत्तरीच्या पुढची, दुसरी साधारण पन्नाशीची. पुरुष एकही नाही. गाडी, घसरगाड्या, घोडे, बादल्या, पलंग, आणि कापड करण्याची साधनं तर इतकी की एखादं कारखान्याचं दालनच. माग, टकळ्या, सूत गुंडाळायची साधनं, आणि त्यात 52 छोट्या पाट्यांवर चढवलेली कापडाची एक पट्टी, अर्धी विणलेली, धागे अजून पाट्यांच्या भोकांत ओवलेलेच होते. लोकरीच्या चित्रपट्ट्या होत्या ज्यावर घोडे, गाड्या, माणसं मिरवणुकीने चाललेली आहेत. परदेशातून आलेलं रेशीम होतं. आणि ज्या जहाजात हे सगळं ठेवलं होतं त्याला डोलकाठी आहे, स्कँडिनेव्हियात सापडलेलं ते सगळ्यात जुनं शिडाचं जहाज मानतात. म्हणजे डोलकाठी आणि माग एकाच थडग्यात, शेजारी शेजारी. ज्यांनी त्या दोघींना निरोप दिला त्यांना ते एकत्र ठेवणं बरोबर वाटलं असणार.

आणि पुढे काय झालं बघा. ओसेबर्गच्या शोधावर जे अधिकृत ग्रंथ काढले त्याचा पहिला खंड 1917 मध्ये आला. कापडावरचा खंड आला 2006 मध्ये. खणल्यापासून 102 वर्षांनी! काम अवघड होतं हे मला मान्य आहे, कापडाचे तुकडे चिखलात एकमेकांना चिकटून पानांच्या चळतीसारखे झालेले, हात लावला की चुरा, उजेड सोसत नाही. पण जहाजाचेही हजारो तुकडे होतेच की, ते सगळे जुळवून, वाफ देऊन, वळवून जहाज उभं केलं ना. कशाला आधी पैसा आणि माणसं मिळतात, त्यावरून आपण कशाला महत्त्व देतो ते कळतं.

कापड टिकतं कसं हेही सांगायला हवं, कारण त्यातून अजून एक गोष्ट कळते. बहुतेक थडग्यांत कापड कुजून जातं, फक्त धातूला चिकटलेला तुकडा राहतो. तो फुगीर ब्रोच गंजतो, आणि त्या गंजाचे क्षार धाग्यात मुरून तुकडा जपला जातो. आपल्याकडे नेवाशाच्या उत्खननात ताम्रपाषाण काळातल्या लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांच्या आत धागा टिकला तो असाच. स्वीडनमधल्या बिर्का या व्यापारी गावात याल्मार स्टोल्पे यांनी एकोणिसाव्या शतकात अकराशेच्या आसपास थडगी उघडली, त्यातल्या असल्या नखाएवढ्या तुकड्यांवरून अॅग्नेस गाइयर यांनी 1938 मध्ये त्या लोकांच्या कापडाचा अख्खा अभ्यास उभा केला. मार्ता हॉफमन यांनी तर नॉर्वेच्या पश्चिमेला आणि उत्तरेकडच्या सामी लोकांत अजून उभ्या मागावर विणणाऱ्या म्हाताऱ्या बायका शोधल्या, त्यांच्याशेजारी उभं राहून बघितलं कुठला धागा कुठून जातो, आणि मग थडग्यातल्या वजनांचा अर्थ लावला. हे ज्ञान पुस्तकात नव्हतंच, हातात होतं. या विषयात पुढे काम केलेल्या लिसे बेंडर योर्गनसन, एव्हा आंदर्सन स्ट्रँड, मिशेल हायर स्मिथ, सगळ्या बायकाच, आणि मला हे जरा खटकतं, त्यांच्या कामामुळे नाही, ते काम अफाट आहे, तर बाकीच्यांनी हा विषय "तुमचा तुम्ही बघा" म्हणून बाजूला सारला म्हणून.

आता तो बिर्काचा 581 नंबर. 2017 मध्ये बातमी जगभर फिरली, तुमच्याही फोनवर आली असेल. 1878 मध्ये खणलेलं थडगं, तलवार, कुऱ्हाड, भाला, बाण, ढाली, दोन घोडे, सोंगट्या. शंभर वर्षं सगळे म्हणायचे हा मोठा योद्धा. शार्लट हेडेनश्टिएर्ना-यॉनसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए तपासला तर सांगाडा बाईचा. मला तेव्हा आनंद झाला होता, आणि अजूनही आहे. पण त्यातली एक बाब बघा, हाडं बघून ही बाई आहे असं 1970 च्या दशकातच एका तज्ज्ञाने सांगितलेलं, ते कोणी मनावर घेतलं नाही, कारण तलवार आहे म्हणजे पुरुषच. आणि याच्या उलट बाजूला तेवढीच मोठी चूक वर्षानुवर्षं चाललीये. नॉर्वे-स्वीडनमध्ये असंख्य थडगी अशी आहेत जिथे प्रेत जाळलेलं आहे किंवा हाडं मातीत विरघळून गेलीयेत. तिथे बाई की पुरुष हे ठरवलं कशावरून? वस्तूंवरून. टकळीची चकती सापडली की बाई, कुऱ्हाड सापडली की पुरुष. आणि मग तीच माणसं वर सांगतात की बघा, सगळ्या चकत्या बायकांच्याच थडग्यात सापडतात. हे गोल फिरणं झालं ना, आपणच ठेवायचं आणि आपणच सापडलं म्हणायचं. जिथे हाडं चांगली टिकलीयेत तिथे कताई-विणाईची साधनं मुख्यतः बायकांबरोबर दिसतात हे खरं आहे, मी ते नाकारत नाहीये, पण मग तेवढंच म्हणा, नुसत्या चकतीवरून आख्खा माणूस ठरवू नका.

पण 581 बद्दल मला जास्त खुपतं ते वेगळंच आहे. त्या बातमीनंतर जिकडेतिकडे एकच सूर, की बघा, व्हायकिंग बायका पण कर्तबगार होत्या. म्हणजे तोपर्यंत नव्हत्या? ओसेबर्गच्या दोघी नव्हत्या? तलवार हातात दिसल्यावर तिची दखल. हजारो थडग्यांत चकत्या, फण्या, वजनं पडलेली आहेत, ती "नेहमीचं" म्हणून सोडून द्यायची आणि एका तलवारीवर सगळा सन्मान, हा कुठला हिशोब?

दुसरा एक मार्ग आहे दखल घ्यायचा, तो म्हणजे जादू. काही श्रीमंत बायकांच्या थडग्यांत लोखंडी काठ्या सापडतात ज्यांना पूर्वी मांस भाजायचे गज समजायचे, आता त्या जादूटोणा करणाऱ्या बायकांच्या काठ्या मानतात, आणि त्यांचा आकार कातताना लोकर अडकवून धरायच्या काठीसारखा आहे. यात तथ्य आहे असं मलाही वाटतं, त्या लोकांच्या मनात कातणं आणि नशीब, विणणं आणि मरण खूप जवळजवळ होतं. 1014 मध्ये आयर्लंडमध्ये क्लोनटार्फची लढाई झाली, त्याबद्दल आइसलँडच्या न्यालच्या सागामध्ये (सागा म्हणजे तिकडची जुनी गद्य कथा) एक अंगावर काटा आणणारं गाणं आहे, बारा वाल्किरी, म्हणजे नॉर्स पुराणातल्या रणदेवता, एका घरात माग लावून बसल्यात, वजनांच्या जागी माणसांची मुंडकी, धाग्यांच्या जागी आतडी, ठोकायला तलवार, आणि विणता विणता लढाईत कोण मरणार ते ठरवतायत. मागाचा भाग न् भाग माहीत असलेल्या माणसानेच हे रचलंय. पण मला प्रश्न पडतो तो असा, योद्धा असली तर बाई दिसते, जादूगार असली तर दिसते, मग काम करणारी असली तर का नाही दिसत? त्या गाण्यात माग एवढा भयानक वाटतो कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाने लहानपणापासून तो रोज चालताना पाहिलाय, त्याच्यावर आपलं अंग झाकलं जातं, पोट भरतं हे त्याला ठाऊक आहे. कामातूनच त्या जादूला वजन आलंय.

पोट भरतं हे मी उगाच म्हटलं नाही. आइसलँडमध्ये वाडमाल नावाचं लोकरीचं कापड चक्क चलन होतं. सहा हात कापड म्हणजे एक कायदेशीर औंस (हात म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंतचं त्यांचं माप), कर त्यात, दंड त्यात, जमिनीचे व्यवहार त्यात, आणि परदेशातून धान्य-लाकूड आणायचं तर बदल्यात तेच. हायर स्मिथ यांनी तिथल्या उत्खननातल्या कापडाचे ढीगच्या ढीग तुकडे तपासले, त्यात सुरुवातीला तऱ्हेतऱ्हेचं कापड दिसतं आणि पुढे मध्ययुगात सगळीकडे एकाच धाटणीचं, ठरलेल्या धाग्यांचं, म्हणजे शेताशेतावरच्या बायका कायद्याने ठरवून दिलेल्या मापात नाणी पाडत होत्या म्हणा ना. चांदीची नाणी पाडणाऱ्याला आपण टांकसाळीचा अधिकारी म्हणतो. हिला काय म्हणायचं?

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला खरंच महत्त्वाचा वाटतो. थडग्यात साधनं सापडली म्हणजे त्या बाईने स्वतः काम केलं असं कशावरून? थडगं भरतात मागे राहिलेले लोक, आणि भरून पुरणं श्रीमंतांनाच परवडतं. त्या समाजात गुलाम होते, लुटालुटीत पकडून आणलेल्या बायका होत्या, आणि शिडासाठी लागणारं ते शेकडो किलोमीटर सूत कोणी कातलं असेल? त्यातलं बरंच काही त्यांनीच कातलं असणार, आणि त्यांच्या थडग्यात कोणी काही ठेवलं नाही. ओसेबर्गच्या दोघींबद्दलही सुरुवातीपासून एक राणी, दुसरी तिची दासी असं म्हटलं गेलं. म्हणजे श्रीमंत थडग्यातली देवमाशाच्या हाडाची पट्टी ही कष्टाची खूण असेल किंवा दुसऱ्यांच्या कष्टावर हुकूम चालवण्याचीही असेल. हे मान्य करूनच बोलायला हवं, नाहीतर आपणही मालकिणीचंच कौतुक करत बसू. पण यातून माझा मुद्दा पडतो का? उलट बळकट होतो असं मला वाटतं. एखाद्या कामावर ताबा असणं ही मिरवायची गोष्ट आहे, मेल्यावरही बरोबर न्यायची आहे, म्हणजे ते काम त्या समाजात सत्तेचं होतं. आणि जिच्या थडग्यात काहीच नाही तिची नोंद निदान संग्रहालयातल्या शिडाच्या पाटीवर तरी यायला हवी, कारण तिची दुसरी कुठलीही खूण उरलेली नाही.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनीच्या सँडे बेटावर स्कार नावाच्या जागी समुद्र किनारा खात होता म्हणून 1991 मध्ये घाईघाईने एक होडीचं दफन खणलं. एक पुरुष, एक लहान मूल आणि सत्तरीची एक बाई. पुरुषाबरोबर तलवार, बाण, सोंगट्या. तिच्याबरोबर टकळीच्या चकत्या, कातर, विणकामाची पट्टी, विळा, कंगवा, आणि देवमाशाच्या हाडाची एक सुंदर कोरलेली पाटी, वर दोन प्राण्यांची डोकी एकमेकांकडे तोंड करून. त्या काळात सत्तरी म्हणजे फार मोठं वय. तिने आयुष्यात किती सूत बघितलं असेल, हाताखाली किती पोरी तयार केल्या असतील. या बाईच्या ओळखीत ही साधनं तिच्या नावासारखी आहेत, त्यांना "इतर वस्तू" म्हणणं मला अपमान वाटतो.

कॅनडात न्यूफाउंडलंड बेटावर लान्स-ओ-मेडोज या ठिकाणी नॉर्स लोक कोलंबसच्या कितीतरी आधी पोचले होते हे आता सगळ्यांना माहीत आहे. तिथलं उत्खनन 1960 च्या दशकात अॅन स्टिने इंगस्टाड यांनी केलं, त्या पुरातत्त्वज्ञ होत्या, पण लोकांच्या तोंडी नाव जास्त राहिलं त्यांच्या नवऱ्याचं, हेल्गे यांचं. तिथे काय सापडलं? जहाज नाही, तलवार नाही. संगजिऱ्याची एक छोटी चकती, टकळीची. तिच्यामुळे कळलं की हे नॉर्स लोकांचंच ठिकाण आणि तिथे बहुधा बायकाही होत्या, कातत होत्या, आणि ते साहजिकच आहे, अटलांटिक ओलांडून आलेल्या जहाजाचं शीड फाटतं, कपडे विरतात, तिकडे बाजार थोडाच होता. अमेरिकेत पोचल्याचा एवढा मोठा पुरावा, आणि तो मुठीत मावेल एवढा.

मग आता करायचं काय? माझं म्हणणं फार अवघड नाही. ओस्लोचं ते प्रसिद्ध व्हायकिंग जहाजांचं संग्रहालय 2022 मध्ये बंद केलं, नव्या मोठ्या इमारतीत परत मांडायचं म्हणून. जहाजाची पाटी लिहिताना ओकचं लाकूड किती, खिळे किती, वल्ही किती हे लिहितात तसं शिडाला सूत किती आणि ते कातायला दिवस किती हेही त्याच पाटीवर, त्याच आकाराच्या अक्षरात लिहावं. कपड्यांच्या वेगळ्या दालनात नको, जहाजाच्याच पाटीवर हवं. चकत्या काचेच्या पेटीत ओळीने मांडतात तेव्हा शेजारी वजन द्यावं आणि त्या वजनाच्या चकतीवर निघणाऱ्या सुताचा नमुना ठेवावा, लोकांना हात लावून बघू द्यावा. शाळेच्या पुस्तकांत, माहितीपटांत, आणि आपल्याकडे मराठीत जे कोणी व्हायकिंगांवर लिहितात त्यांनीही "घरगुती" हा शब्द सोडून द्यावा आणि साधनाचं नाव लिहावं, फणी तर फणी, वजन तर वजन. आणि जिथे बाई-पुरुष फक्त वस्तूंवरून ठरवलंय तिथे तसं स्पष्ट लिहावं.

कोणी म्हणेल की तुम्ही आजचे विचार हजार वर्षांपूर्वीच्या लोकांवर लादताय, त्यांना कुठे या कामाचं एवढं काही वाटत होतं. वाटत होतं. आइसलँडच्याच लाक्सडाल सागामध्ये बोली नावाचा माणूस क्यार्तनला मारून घरी येतो तेव्हा त्याची बायको गुड्रुन त्याला म्हणते, आज मोठी कामं झाली, मी बारा हात सूत कातलं आणि तू क्यार्तनला मारलंस. सकाळचा हिशोब, दोघांचा, एकाच वाक्यात, आणि तिचं काम आधी. त्या वाक्याचे लोक अनेक अर्थ लावतात, कुणाला ते थंड वाटतं, कुणाला कडू, पण सूत आणि खून एका तराजूत घालता येतात हे लिहिणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही पटत होतं.

आणि नॉर्वेत हॅदेलँड भागातली दिन्नाची शिळा आहे, 1040 च्या आसपासची, माणसापेक्षा उंच. गुन्वोर नावाच्या आईने आपल्या मेलेल्या मुलीच्या, आस्त्रिदच्या आठवणीत पूल बांधला आणि ही शिळा उभी केली, येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावी म्हणून. मुलीबद्दल सांगायला तिच्याकडे दगडावर फार जागा नव्हती. ती कोणाची बायको होणार होती, दिसायला कशी होती यातलं काही तिने कोरून घेतलं नाही. एवढंच लिहिलंय, की हॅदेलँडमधल्या सगळ्या मुलींत हिचा हात सगळ्यात कसबी होता.